बेचाळीस मुलींसमोर

(सदाशिव पेठेतली मुलींची शाळा, शनिवार दुपार. दहावीच्या रिकाम्या वर्गात गोल मांडलेल्या पाच खुर्च्या. त्यांतल्या तीन खुर्च्यांवर वर्गशिक्षिका सरोजिनीबाई, चैतालीची आई दीपाली आणि स्पृहाचे बाबा आमोद. दोन्ही मुली बाहेर व्हरांड्यात.)

आमोद : फाडलेलं जर्नल समोर आहे, फाडणारी बाहेर उभी आहे. आता चर्चा कसली, बाई? नियमाप्रमाणे चार दिवस घरी बसवा आणि मोकळ्या व्हा.

सरोजिनीबाई : बावीस वर्षं तेच करत आले. घरी बसवलेली मुलगी पाचव्या दिवशी येते ती जास्त कडू होऊन. म्हणून यंदापासून दोघींना समोरासमोर बसवतो. काय झालं, कोणाला काय लागलं, ते भरून कसं काढायचं, हे त्यांनी ठरवायचं.

आमोद : छान. आमच्या वेळी पट्टी होती, आता संमेलन.

दीपाली : मलाही हे नकोय, बाई. माझ्या मुलीनं इथं बसून ते वाक्य पुन्हा ऐकायचं आणि वर समजूतदारपणाही तिनंच दाखवायचा. का म्हणून?

आमोद : कुठलं वाक्य?

दीपाली : घरी सांगितलं नाही वाटतं.

आमोद : काहीतरी चिडवाचिडवी झाली म्हणाली.

सरोजिनीबाई : गणिताच्या सराव परीक्षेत चैताली पहिली आली. मी पेपर वाटत होते. स्पृहा सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली, “तुला कशाला लागतात एवढे मार्क? तुमच्या सीटा राखीवच असतात.” मी ऐकलं, आणि “शांत बसा” एवढंच म्हणाले. मधल्या सुट्टीत चैतालीनं स्पृहाचं जर्नल फाडलं.

दीपाली : तुम्ही ऐकलं होतंत? आणि मला फोन आला तो फक्त जर्नलसाठी?

सरोजिनीबाई : हो. ते माझं चुकलं.

आमोद : अहो, मुली बोलतात. जर्नलमध्ये वर्षभराचे प्रयोग होते. बोलण्यानं काही फाटत नाही.

दीपाली : मी अकरा वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासते. खासगी कंपनी. तिथं कोणाचीच सीट राखीव नाही. तरी काम चांगलं झालं की कोणीतरी विचारतंच, ‘तुम्ही कशातून आलात?’ अकरा वर्षं मी हसून सोडून दिलं. माझ्या मुलीनं नाही सोडलं. जर्नल फाडलं ते चूकच. पण तिला राग का आला, हे तुम्हाला समजावत बसायचा मला कंटाळा आलाय.

आमोद : ती कायद्यात आहे तेच बोलली.

दीपाली : पंधरा वर्षांच्या मुलीनं कायदा वाचला नसेल. जेवताना ऐकलं असेल.

आमोद : माझ्या घरात जेवताना काय बोलतात, ते तुम्हाला कोणी सांगितलं?

सरोजिनीबाई : मला स्पृहानं सांगितलं. बँकेत तुम्हाला डावलून दुसऱ्या कोणाला बढती मिळाली, तेव्हा तुम्ही हेच म्हणाला होतात. “बाबांना तुम्हीच सांगा, माझी हिंमत होत नाही,” असं म्हणाली.

आमोद : बरं.

सरोजिनीबाई : पाणी देऊ?

आमोद : नको. मुली काय म्हणतात, ते सांगा.

सरोजिनीबाई : दोघींशी मी वेगवेगळं बोलले. चैताली रोज शाळा सुटल्यावर इथं बसून सगळ्या आकृत्या पुन्हा काढून देणार आहे. तिला माफी नकोय. म्हणते, “ती जिथं बोलली, तिथंच उभं राहून सांगू दे, की चैताली पेपर सोडवून पहिली आली.”

आमोद : सगळ्या वर्गासमोर? माझ्या मुलीचा तमाशा करायचा नाही.

दीपाली : माझ्या मुलीचा झाला तेव्हा बेचाळीस मुली बघत होत्या. तेव्हा कोणी नाही म्हणालं नाही.

सरोजिनीबाई : स्पृहा तयार आहे. तिनं एकच विचारलं, “बाबा रागावतील का?”

आमोद : असं विचारलं?

सरोजिनीबाई : दोनदा.

दीपाली : बोलवा मुलींना. मी बसते. पण चैतालीला कोणी “सोडून दे” म्हणालं, तर त्या क्षणी तिला घेऊन जाईन.

सरोजिनीबाई : कोणी म्हणणार नाही.

आमोद : थांबा जरा. बढती मिळाली त्याचं नाव प्रज्ञेश. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान. काम माझ्यापेक्षा चांगलं करतो. मला तेव्हाही माहीत होतं.

दीपाली : हे मला नका सांगू. तुमची मुलगी बाहेर उभी आहे, तिला सांगा.