हिरामावशीचा आवाज

जमलेल्या माझ्या आयाबहिणींनो, काकांनो, गावकऱ्यांनो, तुम्ही भातझोडणीची कामं टाकून आलात. बरं वाटलं. मला हिरामावशीबद्दल बोलायला सांगितलंय, पण चारचौघांत बोलायची मला सवय नाही. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी सविता. हिरामावशी माझ्या आईची धाकटी बहीण. तुम्ही तिला धवलारीण म्हणून ओळखता. आपल्या लग्नांत भटजी येतात, पण हळदीपासून पाठवणीपर्यंतचे विधी लावते ती धवलारीण. ती धवला, म्हणजे विधीचं गाणं, गाते, तेव्हा मांडवाला लग्न असल्याचं कळतं. मावशीला शेकडो धवले तोंडपाठ होते. कागद नाही, वही नाही. तिला वाचताच येत नव्हतं.

मग तिच्या ओठाच्या कडेला एक पांढरा डाग उठला. नंतर बोटांवर. डॉक्टर म्हणाले, हे कोड आहे, कुणाला लागत नाही, याने जिवाला धोका नाही. खरंच नव्हता. डाग दुखतही नव्हते.

पण लोकांनी तिला बोलवणं सोडलं. तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. नवरीच्या अंगाला हळद लावायला ते हात नकोत, एवढंच आपापसात ठरलं. गावात लग्न आहे, हे तिला लाऊडस्पीकर वाजला की कळायचं.

आणि तिला न बोलावलेलं पहिलं लग्न कुणाचं होतं, सांगू? माझं.

सासरकडच्यांनी विचारलं, तीच येणार का? आईने मान खाली घातली. मामा मावशीकडे गेले आणि म्हणाले, मुलाकडचे त्यांची धवलारीण आणतायत. मावशी बरं म्हणाली. हळदीला ती आली, मांडवात मागे बसली, हात पदराखाली धरून. मी पाटावरून तिला बघत होते. एक हाक मारायची होती मला. एकच. नाही मारली.

त्यानंतर तिचं शरीर बिघडत गेलं. झोप उडाली. जेवलेलं पोटात ठरेना. दारात कुणी आलं की छातीत धडधडायचं. ती बाजारात जायची थांबली. अंग एवढं सुकलं की चोळ्या उसवून परत शिवाव्या लागल्या. आणि दोन वर्षांनी एका सकाळी तिचा आवाजच गेला. नुसती कुजबूज उरली.

मी तिला अलिबागला घेऊन गेले. डॉक्टरांनी दुर्बीण घालून गळा बघितला. म्हणाले, गळा चांगला आहे. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "यांच्या मनावर कसला ताण आहे का?"

मावशी माझ्याकडे बघत होती. मी म्हणाले, "नाही, तसं काही नाही."

परत येताना एसटीत ती माझ्या कानाशी वाकली. "तुना ठाव हाय ना गो," म्हणाली. रागाने नाही. खरंच विचारत होती. मी रडले. तिने माझा हात धरला, त्याच पांढऱ्या बोटांनी.

पुढच्या खेपेला मी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी आवाजाचे व्यायाम दिले, मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथे ती पहिल्यांदा बोलली. बोलली म्हणजे कुजबुजलीच, पण सगळं कुजबुजली. हळूहळू झोप लागायला लागली. अन्न अंगी लागलं. थोडा आवाज आला, फाटका.

माझ्या दिराचं लग्न ठरलं, तेव्हा मी सासूबाईंना म्हटलं, धवलारीण माझी मावशी असेल. त्यांनी निवडायला घेतलेले तांदूळ बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "मी येते बोलवायला." त्या आज इथे बसल्यात. त्यांच्यासमोर सांगते, त्या दिवशी त्यांनी स्वतः हळदीची वाटी मावशीच्या हातात दिली. मावशीने गायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला आवाज तुटला. मग बायकांनी ओळ उचलली, ती नुसते ओठ हलवत राहिली, पण विधी तिने सगळा लावला.

त्यानंतर तिला चारपाच घरांनी बोलावलं. बाकीच्यांनी नाही. पहिला आवाज परत आला नाही. परवा तिचं हृदय थांबलं. ते आपल्यामुळे थांबलं, असं मी म्हणणार नाही, मला कळत नाही तेवढं. पण ती वर्षं तिच्या अंगातून गेली, ती मी बघितलीत.

मागच्या पावसाळ्यात मी तिला म्हटलं होतं, मावशी, माझ्या लग्नातला धवला आता गा, माझ्या एकटीसाठी. ती हसली. "लगीन झाल्यावं धवला न्हाय गात पोरी," म्हणाली, आणि भाकरी थापत राहिली. मला तो अजून ऐकायचाय. आता कुणाकडे मागू?

आता आपण उभे राहू. थोडा वेळ कुणी बोलू नका. ज्यांनी तिला ऐकलंय, त्यांनी तिचा आवाज आठवा. आणि ज्या पोरींच्या लग्नाला ती नव्हती, त्यांनी घरी गेल्यावर आईला विचारा, का नव्हती.

मावशी, तुझ्या पायांना आणि तुझ्या हातांना माझा नमस्कार.