आपलीच टीम, तिकीट कसलं?

मंडळी, टाळ जरा खाली ठेवा. ठेवलेत? आता एक प्रश्न विचारतो. उत्तर लगेच देऊ नका, लगेच दिलेलं उत्तर बहुतेक खोटं असतं. प्रश्न एवढाच – "हे माझं आहे" असं माणूस कधी म्हणतो?

घर माझं, देऊळ आपलं, शाळा आपली. दिवसातून पन्नास वेळा म्हणतो की नाही? आणि त्याच देवळाचा पत्रा गळायला लागला, की तेच तोंड काय म्हणतं? – "कमिटी काय करतेय?" म्हणजे फोटो काढायला आपलं, आणि पत्रा बदलायला कमिटीचं! मला याची फार चीड आहे. आज पुराणातलं आख्यान लावणार होतो, पण येताना या मंडपात जे ऐकलं, त्यानं डोकं फिरलं. काय ऐकलं ते शेवटी सांगतो. आज ऐका फुटबॉलची कथा.

हसू नका, पेटीवाले. देवाला काय फुटबॉल वर्ज्य आहे? त्या पुढच्या आजी विचारतायत, फुटबॉल म्हणजे काय. आजी, बावीस माणसं एका चेंडूसाठी जीव टाकतात, आणि तो मिळाला की पहिल्यांदा त्याला लाथ मारतात. आपण संसारात वेगळं काय करतो? झालं, तुम्हाला खेळ कळला.

तर कोल्हापुरात एक जुनी पेठ. पेठेत तालीम. तालमीच्या दारात जांभळाचं झाड, म्हणून तिचं नाव जांभळी तालीम, आणि तिच्या फुटबॉल टीमची जर्सीही जांभळी. शहराच्या पहिल्या गटात सोळा संघ, त्यातला हा एक, सत्तर वर्षांचा. सतराव्याला तिथं जागा नाही. एकदा बाहेर पडलं की परत आत यायला सहा-सात वर्षं खालून घासत यावं लागतं. हे ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

या तालमीचे सेक्रेटरी गुंडोपंत इंगवले. पेठ त्यांना गुंडूआण्णा म्हणते. सायकलचं दुकान. सव्वीस वर्षं सेक्रेटरी! पगार शून्य, शिव्या भरपूर. पंच चुकला तरी आण्णाला शिवी, गोल चुकला तरी आण्णाला शिवी. आणि घरात पारूकाकू, त्यांच्या कारभारीण. सामना झाला की अकरा जणांच्या चिखलानं माखलेल्या जर्स्या कुणाच्या दगडावर? पारूकाकूंच्या. सव्वीस वर्षं!

आता तालमीचा एक रिवाज. वर्षाचा खर्च जो उचलेल त्याला मारुतीपुढं बसवायचं आणि सेक्रेटरीनं आपल्या हातानं जांभळा फेटा बांधायचा. फेटा एकच, तालीम काढणाऱ्यांचा, ट्रंकेत ठेवलेला. मंडळाच्या घटनेतच लिहिलंय – फेटा बांधला तो अध्यक्ष, त्याची सही चालेल. ज्या वर्षी फेटा बांधला नाही, त्या वर्षी कारभार सेक्रेटरीचा.

पहिले आले ट्रॅक्टरवाले धनवडे. फेटा बांधला, हलगी वाजली, गुलाल उडाला, सगळ्या गल्लीला जेवण! ते जेवण कशातून झालं? टीमच्या बुटांसाठी दिलेल्या पैशातून. आण्णा ओरडत होते, "अरे, बुटांचं काय?" तर पंगतीतला एकजण म्हणाला, "आण्णा, आधी मान, मग बूट." पोरं जुनेच बूट शिवून खेळली. आणि धनवड्यांनी पहिलं काम काय केलं? जर्सी पिवळी केली. का? ट्रॅक्टर पिवळा होता!

धनवडे दोन वर्षांत गेले. मग आले तिखट-मसाल्याचे कारखानदार, चव्हाणके शेठ. पुन्हा फेटा, पुन्हा जेवण. जर्सीवर छातीभर लाल मिरची. आणि शेठचा जावई गोलकीपर! का? तर जावयाला धावायला आवडत नव्हतं. पहिल्याच सामन्यात सात गोल खाल्ले, आणि समोरची पब्लिक ओरडतेय, "मिरची झोंबली का?" मंडळी, आण्णा त्या दिवशी कोपऱ्यावर बसून राहिले. आपल्या वडिलांनी ज्या रंगासाठी गुडघा मोडून घेतला, तो रंग आता ओळखूसुद्धा येत नाही, याचं त्यांना रडू आलं.

आता तुम्ही म्हणाल, मालक वाईट. थांबा. मालक का पळाले ते ऐका.

वर्षातून एक सामना तालमीचा स्वतःचा. त्याचं तिकीट तीस रुपये, ते सगळं तालमीच्या पेटीत, त्यावर वर्ष निघायला पाहिजे. मैदान किती भरायचं? मुंगीला जागा नाही! आणि तिकिटं किती विकली जायची? दोनशे अकरा. बाकीचे कसे आत आले? पास! फुकट पास! पेठेत जन्मला त्याला पास. पेठेत सासर आहे त्याला पास. पेठेत एकदा भाड्यानं राहिला होता, त्यालाही पास. दारावर तिकीट मागितलं की छाती पुढं काढून सगळ्यांचं एकच उत्तर – "आपलीच टीम, तिकीट कसलं?"

धनवड्यांनी ती पेटी उघडून बघितली आणि ट्रॅक्टर वळवला. शेठनीही बघितली आणि जावई घेऊन गेले. बाहेरचा माणूस किती दिवस घालेल हो? ज्यांचं आहे तेच घालेनात!

आता तिसरा. टीमच्या नोंदणीची मुदत उद्या संध्याकाळी पाचला संपणार, पेटीत खडखडाट, नोंदणी झाली नाही तर पहिल्या गटातून बाहेर. अशा वेळी आले विक्रांत साहेब. काळा गॉगल, गाडी एवढी मोठी की गल्लीत वळेना. कुठले, काय करतात, कुणी विचारलं नाही. गाडी बघितली, तेवढ्यावर भागलं! "सगळा खर्च माझा," साहेब म्हणाले. "फक्त अध्यक्षपद द्या." पेठ खूश. हलगीवाले सकाळपासून तापलेले.

आण्णांनी ट्रंकेतून फेटा काढला. साहेबांनी नव्या जर्स्यांचं पार्सल पाठवलं होतं. नवी जर्सी आधी मारुतीच्या पायावर ठेवायची, मग अंगात घालायची, ही पद्धत. म्हणून आण्णा आतल्या खोलीत पार्सल सोडायला बसले. पारूकाकू दारात उभ्या. पहिली जर्सी उलगडली. निळी. म्हटलं असू दे, पिवळी पाहिली, मिरची पाहिली, निळीही बघू. मग छातीवरचं नाव वाचलं – "राजनगर एफ.सी."

जांभळी तालीम कुठंच नाही! मंडळी, राजनगर म्हणजे हायवेच्या कडेला साहेबांची नवी कॉलनी उभी राहत होती ती. कॉलनीच्या जाहिरातीला एक टीम पाहिजे होती. सहा-सात वर्षं खालून कोण वर येणार? त्यापेक्षा एक भुकेली टीम घ्यायची, अध्यक्ष म्हणून एका पत्रावर सही करायची, नाव बदलायचं, जागा आपली. पार्सलच्या तळाला ते पत्रही टाईप केलेलं होतं. सहीची तेवढी जागा मोकळी.

आण्णांनी जर्सी तशीच काकूंपुढं धरली. "पारू, हे टीम न्यायला आलेत."

काकू म्हणाल्या, "मग बाहेर जाऊन सांगा की. माझ्याकडं काय बघताय?"

बाहेर साहेब मारुतीपुढं पाटावर बसलेले, गॉगल काढून, डोकं वाकवून. आण्णा फेटा हातात घेऊन उभे राहिले. हलगी थांबली. आण्णा म्हणाले, "फेटा बांधणार नाही." आणि ती निळी जर्सी सगळ्यांपुढं धरली.

आता पेठ चिडायला पाहिजे होती की नाही? चिडली. पण कुणावर? आण्णावर! एकजण म्हणाला, "आण्णा, बांधा की आता, नाव काय, नंतर बघता येतंय." दुसरा म्हणाला, "निळा पण चांगला दिसतोय." तिसऱ्याला जेवणाची काळजी, त्यानं भट्टी पेटवायची का विचारलं! आणि साहेब उठले. आवाज चढवला नाही, काही नाही. म्हणाले, "इंगवले, मी खोटं बोललो नाही. खर्च देतो म्हणालो, देतोय. तुम्हाला टीम ठेवायची असेल तर उद्या पाचच्या आत तुम्ही खर्च द्या. ही एवढी सगळी माणसं टीमची आहेत म्हणे."

बरोबर बोलला तो! मला त्या माणसाचा राग येतो, पण त्याचं बोलणं खोडता येत नाही, म्हणून जास्त राग येतो.

आण्णा आत गेले आणि एक गोणपाटाचं पोतं ओढत आणलं. मारुतीपुढं ओतलं. काय होतं त्यात? गेल्या सामन्याचे पास. दारावर फाडून घेतलेले, मागं नावं लिहिलेले. माणूस सायकलवाला, कुठला नटबोल्ट टाकून द्यायचा नाही ही सवय. अठराशे पास! ढीग झाला.

"हे टीमचे मालक," आण्णा म्हणाले. "एक सामना, तीस रुपये. पोटाला चिमटा बसत नव्हता कुणाच्या. आम्ही चहाला जास्त घालवतो. साहेब टीम न्यायला आले नाहीत, आम्हीच दारात आणून ठेवली. एकेकाचं नाव वाचतो आता." आणि वाकून पास उचलायला लागले.

तेवढ्यात मागून पारूकाकूंचा आवाज आला. "पहिला आपल्या घरातला वाचा."

आण्णांनी ढीग चाळला. पास निघाले, चार. गुंडोपंत इंगवले. दोन मुलगे. आणि चौथा, पार्वती गुंडोपंत इंगवले.

काकू म्हणाल्या, "त्या चौथ्या पासावर कोण जात होतं?"

आण्णांची मान खाली. पासावर त्यांचा मेहुणा जात होता. दरवर्षी. काकूंनी सव्वीस वर्षांत एक सामना बघितला नव्हता! जर्सीवरचा चिखल बघून सांगायच्या, आज कोण किती पडलंय ते. आणि आण्णांनाही कधी वाटलं नाही, की विचारावं – येतेस का? सेक्रेटरीच्या घरातच चार पास फुकट, तर पेठेला काय सांगणार? मंडळी, दुसऱ्याची नावं वाचायला उठलेला माणूस आपल्या नावापाशी अडकला. आपण सगळे तिथंच अडकतो, फक्त आपल्या मागं पारूकाकू उभ्या नसतात.

काकूंनी कमरेचा बटवा काढला. मारुतीपुढं एकशेवीस रुपये ठेवले. चौघांचे. मग थांबल्या, आणखी तीस ठेवले. म्हणाल्या, "हे पुढच्या सामन्याचे. आता मला तिकीट द्या. पास नको."

आता तुम्हाला वाटेल, सगळी पेठ रडली आणि पैशांचा पाऊस पडला. नाही पडला! निम्मे लोक मागच्या दारानं गेले. एकजण तर आपला पास ढिगातून शोधून खिशात घालून गेला. काकूंचा भाऊ, तो पासवाला मेहुणा, तो मात्र भिंतीला टेकून उभा राहिला, मग पुढं आला आणि मुकाट्यानं पाकीटच रिकामं केलं. त्याच्या मागं हलगीवाला आला. आचारी आला, म्हणाला भट्टी पेटवलीच नाही, पेटीतून आगाऊ घेतलेलं परत घ्या. असे रात्री झोपायच्या आधी येत राहिले, सकाळी येत राहिले. दुसऱ्या दिवशी साडेचारला आण्णा सायकलवरून नोंदणीच्या ऑफिसात पोचले. नोंदणीपुरतं जमलं होतं. बुटांपुरतं नाही.

आणि फेटा? तुम्हाला वाटलं मारुतीला बांधला? मारुती काय खर्च देणार आहे? फेटा ट्रंकेत गेला. त्या वर्षी अध्यक्ष नाही. कारभार सेक्रेटरीचा.

टीम जिंकली का? अजिबात नाही. सोळात पंधरावी आली, जुन्या विटक्या जांभळ्या जर्सीत. पण पहिल्या गटात राहिली. आणि तालमीच्या सामन्याच्या दिवशी दारावर पहिलं तिकीट फाडलं, ते पारूकाकूंचं. आण्णांनी स्वतः फाडलं. काकू आत जाऊन कट्ट्यावर बसल्या. थोड्या वेळानं शेजारणीला म्हणाल्या, "तो सात नंबरवाला डाव्या कुशीवरच पडतो बघ. मी म्हणत होतेच." सव्वीस वर्षं चिखल धुतला, आज पडणारा दिसला.

संपली कथा. आता मी मंडपात काय ऐकलं ते सांगतो. मी मागून येत होतो. दोन मोठी माणसं बोलत होती. एकानं विचारलं, "बुवांच्या एसटीच्या भाड्याचं काय?" दुसरा म्हणाला, "जाऊ दे रे, आपलेच बुवा आहेत."

हसताय? हसा. ते दोघं पुढच्या रांगेत बसलेत, त्यांच्याकडं बघू नका. मला भाडं नको, मी चालत जाईन, पायांना सवय आहे. पण हा माईक तीन वेळा बंद पडला, कारण वायर कुणी बदलली नाही. देऊळ आपलं आहे ना! ही तुमची वाचनालयाची खोली, वर्गणी कोण भरतं? आपलंच आहे! आणि सगळ्यात वाईट ऐका – घरी जी सकाळपासून राबते, तिला तुम्ही शेवटचं कधी विचारलंत, "तू येतेस का?" ती तर आपलीच आहे! पास काढून ठेवलाय तिच्या नावचा, आणि त्यावर आपण फिरतोय.

म्हणून आज घरी गेलात की एवढंच करा. ज्याला ज्याला "आपलं" म्हणता, त्याच्या दारात उभं राहा आणि आपलं तिकीट आधी काढा. मग छाती पुढं काढा, कोण अडवतंय? बोला, आपल्या वाट्याचं उचलायची बुद्धी देणाऱ्या त्या पांडुरंगाचं नाव घ्या. आणि टाळ आता उचला, ते तरी स्वतः उचला.