नाय म्हणायचं शिबिर

...तर श्वास घ्यायला माझी काय हरकत होती हो? पंचावन्न वर्षं घेतोच हाय की! पण पहाटे साडेपाचला, थंडीत, एक नाकपुडी दाबून, आणि घेतलेला श्वास तो शिबिरातला योगवाला आदर्शसर म्हणेपर्यंत आतच कोंडून... अहो, माणूस निळा पडतो! मी डोळे किलकिले करून बघतोय, हा आता 'सोडा' म्हणतो का मग म्हणतो, तर सर स्वतःच डोळे मिटून बसलेले. विचारायची सोय नाय, कारण पहाटे मौन. पळायची सोय नाय, कारण गेटला कुलूप. घरी फोन करायची सोय नाय, कारण सगळ्यांचे फोन पहिल्याच दिवशी पत्र्याच्या ट्रंकेत. घेताना विचारलं होतं हो त्यांनी, "काका, फोन ठेवू ना इथे?" मी म्हटलं, बरं.

तुम्हाला सांगतो, हे 'बरं'च माझ्या मुळावर आलंय.

आमचा पेणला गणपतीचा कारखाना. मी आणि माझा थोरला भाऊ, पोपटदादा. दिवाळीत एके दिवशी दादा येऊन म्हणतो, "सुशील, आपल्या दिपिकेसाठी स्थळ आलंय, होकार कळवू ना?" मी तेव्हा गणपतीचे डोळे आखत होतो. आता डोळे आखताना आमच्यात कोणी मान वर करत नाय, ब्रश केसभर हलला की बाप्पा तिरळा! मी मान खाली घालूनच म्हटलं, बरं. आणि चार डोळे आखून झाल्यावर लक्षात आलं, आपण तिला न विचारताच मुलगी देऊन बसलो!

दिपिका माझी एकुलती एक, पेणलाच लॅबमध्ये कामाला. ओरडली असती, रडली असती तर परवडलं असतं. ती नुसती गप्प झाली. आठ दिवसांनी म्हणाली, "बाबा, शब्द तुम्ही दिलात, तुम्हीच परत घ्या. मी बोलले तर पोरगी उद्धट ठरते." आणि मोबाईलवर बघून तिनंच माझं नाव घातलं या शिबिरात. निडी स्टेशनला उतरून आत चालत जायचं. योग, मानसोपचार आणि अध्यात्म एकत्र, तीन दिवसांत माणूस नवा. रविवारी दुपारी बाराला शिबिर सुटणार, चारला पाहुणे आमच्या घरी सुपारी फोडायला येणार, मधल्या चार तासांत मी दादाला नाय म्हणायचं. दादाला! ज्यानं मला माती मळायला शिकवली, ज्याच्यासमोर मी अजून पाय पसरून बसत नाय, त्या दादाला! "जाल ना बाबा?" मी म्हटलं, बरं.

तिथं गेलो तर सकाळी आदर्शसर म्हणतात, आतलं आत धरा. दुपारी मैथिलीमॅडम, त्या मनाच्या डॉक्टर, त्या म्हणतात, आतलं बाहेर काढा. आणि संध्याकाळी अध्यात्माचे गुरुजी डोळे मिटून विचारतात, "धरणारा कोण? काढणारा कोण?" आता मला काय माहीत हो कोण, मी मूर्तिकार माणूस!

मैथिलीमॅडमनी माझ्यावर लय मेहनत घेतली. म्हणाल्या, "काका, मी काहीतरी मागेन, तुम्ही फक्त नाही म्हणायचं. सोप्पं. चला, तुमचं घड्याळ द्या मला." मी काढून दिलं. "अहो काका, नाही म्हणायचं होतं. बरं, पुन्हा. चष्मा द्या." दिला! शनिवार संध्याकाळपर्यंत माझं घड्याळ, चष्मा, मफलर आणि सांधेदुखीचं तेल, सगळं मॅडमच्या टेबलावर. मी थंडीत कुडकुडत गुरुजींपुढं बसलोय आणि गुरुजी सांगतायत, वस्तूंचा मोह सुटणं ही पहिली पायरी!

रविवारी सकाळी शेवटचा तास. प्रत्येकाला शाडूचा गोळा दिला. मॅडम म्हणाल्या, डोळे मिटा, ज्या माणसाला नाही म्हणता येत नाही त्याची आकृती करा, मग डोळे उघडून त्याच्या तोंडावर नाही म्हणा आणि बुक्की मारून सपाट करा. लागले सगळे. कोणी सासू केली, कोणी ऑफिसातला साहेब केला, धपाधप बुक्क्या! मीही डोळे मिटले, दादाला समोर आणला. दादाचं पोट सुटलेलं, म्हटलं तिथनं सुरुवात करू. तिथंच चुकलं! पोट झालं की आमचे हात कोणाचं ऐकत नाय. चाळीस वर्षं पोटानंतर जे करतात तेच करत गेले. मांडी, हात, कान... डोळे उघडून बघतो तर वीतभर गणपती. सोंड डावी, हातात मोदक.

आता मारा बुक्की!

रोह्याच्या सरोजिनीबाई उठल्या, बाहेरनं जास्वंद आणून वाहिलं. कोणीतरी निरांजन लावलं. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी. म्हणाले, हा संकेत आहे, बाप्पा दीड दिवस बसतील, शिबिर सोमवार संध्याकाळपर्यंत! लोक खूश. आदर्शसर टाळ शोधायला पळाले. आणि मग चाळीस माणसं माझ्याकडं वळून म्हणतात, "काका, मूर्ती तुमची. तुम्ही थांबाल ना?"

अकरा वाजले होते. फोन ट्रंकेत, गेटला कुलूप, आणि मी पोचलो नाय तर दादा माझ्या नावानं सुपारी फोडून मोकळा होणार होता, माझा शब्द त्याच्याकडं होताच. 'बरं' घशापर्यंत आलं. आणि मला दिपिका दिसली हो, साडी नेसून पाहुण्यांपुढं गप्प बसलेली. खोटं नाय सांगत, त्या गप्प बसण्याची मला देवापेक्षा जास्त भीती वाटली.

मी म्हटलं, "नाय."

"काय म्हणालात काका?"

"नाय थांबणार. आणि याची प्राणप्रतिष्ठा झालेली नाय, ही अजून माती हाय." खरंच हाय ते! कारखान्यात आम्ही शेकडो बाप्पांच्या पुढ्यात बसून वडापाव खातो, सोंड बिघडली तर मोडून परत गोळा करतो, रोजचं काम. मी फूल बाजूला ठेवलं, हात जोडले आणि दोन्ही तळव्यांनी दाबून केला गोळा. सरोजिनीबाईंनी तोंड फिरवलं. टाळी फक्त मैथिलीमॅडमनी वाजवली.

ट्रंक उघडायला लावली, गेटवर उभं राहून दादाला फोन केला. म्हटलं, "दादा, दिपिकेला तिथं नाय द्यायची. मी कामाच्या नादात बरं म्हटलं होतं."

दादा म्हणतो, "अरे, मग दिवाळीतच का नाय बोललास? मला तरी कुठं पसंत होतं? स्थळ तुझ्या वहिनीच्या मामानं आणलेलं, त्याला नाय म्हणवेना. वाटलं, तू म्हणशील!"

घ्या! दोन महिने माझी झोप उडालेली, पोरीनं जेवण टाकलेलं, आणि हा माझ्या नकाराची वाट बघत बसलेला! वर म्हणतो, "आता तुला जमतंय तर पाहुण्यांनाही तूच कळव." कळवलं. चार शिव्या खाल्ल्या, पण कळवलं. दुपारी घरी पोचलो तर दिपिका माझ्या ताटात जेवायला बसली, लहानपणी बसायची तशी. त्यापुढं शिव्यांचं काय नाय वाटलं.

पण बातमी भावकीत फुटली ना! आता सगुणाआत्याला जावई घरात राहायला नकोय, तर म्हणते, सुशील, तू सांग. नितेशला गावच्या कमिटीतनं बाहेर पडायचंय, तर सुशीलकाका, तुम्ही सांगा. उद्या डोलवी, परवा रोहा, कारखान्यात बाप्पा बिनडोळ्यांचे पडलेत आणि मी गावोगाव लोकांचे नकार पोचवत फिरतोय. दिपिका म्हणते, बाबा, या लोकांनाच सरळ नाय म्हणा ना. अगो, पण ती घरची माणसं, त्यांना नाय कसं म्हणू?