साबणच तर करायचाय

नाही, मला एक सांगा, साबणाला फेस यायलाच पाहिजे असं कुठं लिहिलंय का? चांगला पांढरट, चौकोनी, हातात धरला की वजन जाणवेल असा साबण केलाय मी. आता नाही येत फेस, तर नाही येत... माणसातसुद्धा एखादी गोष्ट कमी असतेच की.

तुम्हाला सांगतो, मी नुकता रिटायर झालेला, दिवसभर घरात. बायको शिवणकाम करते. पुढच्या खोलीत तिचं मशीन, गिऱ्हाइकांची ये-जा, आणि मी जिथं टेकेन तिथं नेमकं कुणाचं तरी कापड. "अहो, जरा उठा, खाली अस्तर आहे." म्हणजे या घरात अस्तराला जागा आहे, मला नाही. वाईट वाटायचं हो, खरंच. अशात एकदा जेवताना ती म्हणाली, विकतच्या साबणानं हात इतके खरखरीत झालेत, की रेशमाला बोटं अडकतात. झालं! मी बोलून बसलो, "मी देतो ना करून. साबणच तर करायचाय, त्यात काय एवढं?"

मुलीनं मोबाइलमधून डोकं वर काढलं. "बाबा, त्यात कॉस्टिक सोडा असतो. भाजतं."

"अगं, मी काय लहान आहे?"

"लहान असता तर काळजी नव्हती. लहान मुलं ऐकतात."

तर हातात रबरी मोजे, डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, काच खाली ओढलेली, असा मी स्वयंपाकघरात. पाण्यात सोडा सोडला, तर गॅस न पेटवता पाणी कढत! वाफा काय, वास काय... मी खिडकीशी धावलो, तेवढ्यात एक गिऱ्हाईक बाई डोकावल्या. "अय्या, गॅस गळतोय का? दुरुस्तीचा माणूस आलाय वाटतं." आमची ही मशीनवरूनच शांतपणे, "नाही हो, आमचेच आहेत. साबणच तर करायचाय त्यांना."

मग तेल ओतलं आणि ढवळायला घेतलं. व्हिडिओतली बाई गोड आवाजात म्हणते, "आता दाटसर होईपर्यंत ढवळा हं." तिचं बोलता बोलता दाट होतं, माझं आपलं पाण्यासारखं पातळ. ढवळतोय, हात बदलतोय, ढवळतोय... साबणाला फेस यायचा तेव्हा येईल, माझ्या तोंडाला आधी आला. शेवटी डोकं चालवलं. लाइट गेल्यावर लागतात त्या मेणबत्त्या होत्या ड्रॉवरमध्ये. मेण घट्ट होतं ना? मग साबण का नाही होणार? दिल्या वितळवून घालून. असा घट्ट झाला म्हणता!

काही आठवडे कपाटावर सुकवला आणि मग बेसिनपाशी उद्घाटन. ही घासतेय, मी बघतोय, मुलगी बघतेय... फेसाचा पत्ता नाही. "वास छान आहे हं," ही म्हणाली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं. मी गुपचूप ती वडी पुढच्या खोलीतल्या खिडकीत ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक समोर उभं, काळं कापड टेबलावर पसरलेलं आणि हिचा खडू सापडेना. चाचपडता चाचपडता हाताला लागला माझा साबण. तिनं त्याचाच कोपरा टेकवून रेघ ओढली. बारीक, पांढरी, ठसठशीत! इस्त्री फिरवली, रेघ गायब. तिनं एकदा साबणाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि म्हणाली, "अहो, याच्या पातळ पातळ चकत्या करून द्याल?"

आता तिच्या टेबलाशेजारी माझी खुर्ची आहे. तिच्यावर अस्तर ठेवायचं नाही, असं तिनंच सगळ्यांना बजावलंय. खोटं कशाला बोलू, बरं वाटतं बसायला.

पण तिचे हात खरखरीतच राहिले ना! म्हणून दुसरा घाणा काढला. सगळं मोजूनमापून, मेणाला हातही लावला नाही, पुन्हा काही आठवडे सुकवला. साबणच तर करायचाय! आणि काय सांगू, पहिल्याच पाण्याला हा असा भरघोस फेस, कोपरापर्यंत! मी छाती काढून उभा.

तिनं हात धुतले, पुसले, वडीचा कोपरा काळ्या कापडावर ओढून बघितला आणि म्हणाली, "असू दे... पहिला छान जमला होता. हा बिघडला."