चौथ्या डोसाआधीचा इको

(हॉस्पिटलात, इकोच्या खोलीबाहेर.)

थोरली : आवाज खाली घे. समोरच्या बाकावरची बाई ऐकतेय.

धाकटी : ऐकू दे. वहिनी, हा रिपोर्ट पहिल्या डोसाच्याही आधीचा आहे. तुम्ही जुना इको फाईलमध्ये वर लावलात आणि घरी सांगितलंत, "झाली हृदयाची सोनोग्राफी, छान आहे."

थोरली : माझी फाईल तू कशाला उघडलीस?

धाकटी : उद्या केमोचा चौथा डोस. कागद लावायला घेतले, तर तारीख अडीच महिन्यांपूर्वीची. म्हणून तर आज इथे आणलं तुम्हाला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं थांबतं का?

थोरली : वा! ओटा तुझा, कपाट तुझं, गॅसवाल्याचा फोन तुझ्या मोबाईलवर. फाईल तेवढी राहिली होती.

धाकटी : ते लाल औषध हृदयाला त्रास देऊ शकतं, म्हणून मध्येमध्ये इको करायचा, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना आपल्याला?

थोरली : मला काही होत नाहीये.

धाकटी : तीन उशा घेऊन झोपता. जिन्याच्या वळणावर थांबून मोबाईल बघत उभ्या राहता. बंद मोबाईल!

थोरली : पाळत ठेवतेस माझ्यावर?

धाकटी : दिसतं मला.

थोरली : मग हेही बघ. जळते मी तुझ्यावर. परवा पोरीची वेणी घालायला बसले, तर म्हणते, "आई, तू आराम कर, काकू घालेल." माझी पोर! त्यात हृदयाचं काही निघालं की संपलंच. मला कायमचं कॉटवर बसवतील आणि तू आहेसच, आयत्या बिळावर नागोबा.

धाकटी : नागोबा तर नागोबा. नऊ वर्षं मी ऐकतेय, "थोरलीला विचार", "थोरली असं करत नाही". आज स्वयंपाक मी करते, तरी मीठ बरोबर आहे का ते सासूबाई तुम्हाला चाखायला देतात. तुम्ही कॉटवर पडूनही घर तुमचंच. मी नाही जळले? एकदा तर तुमच्या आजारपणावर जळले. मग बाथरूममध्ये जाऊन स्वतःच्याच थोबाडीत मारून घेतली.

थोरली : आजारपणावर? वेडी आहेस का गं?

धाकटी : असेन. उठा, तुमचं नाव पुकारलं.

(इको झाल्यावर, हृदयाच्या डॉक्टरांच्या खोलीत.)

डॉक्टर : बसा. पहिल्या वेळी तुमचं हृदय दर ठोक्याला आतलं पासष्ट टक्के रक्त बाहेर ढकलत होतं. आज अठ्ठेचाळीस टक्के.

थोरली : म्हणजे... उद्याचा डोस?

डॉक्टर : उद्याचा थांबवायचा. तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांशी मी आत्ताच बोलते, पुढे दुसरं औषध द्यायचं का ते आम्ही मिळून ठरवू. हृदयासाठी गोळ्या आजपासून. घाबरू नका. लवकर सापडलं की पुष्कळदा सावरतं. उद्याचा डोस घेऊन मग आल्या असतात, तर एवढ्या धीराने बोलले नसते.

थोरली : हं.

डॉक्टर : आता नीट आठवून सांगा. चढताना दम लागतो?

थोरली : नाही.

डॉक्टर : पाय सुजतात? आडवं पडलं की गुदमरतं? कधीपासून? गोळ्या किती द्यायच्या ते यावरच ठरणार आहे.

थोरली : नाही... म्हणजे तसं काही विशेष...

डॉक्टर : तुम्ही यांच्या कोण?

धाकटी : धाकटी जाऊ. पण डॉक्टर, त्यांनाच विचारा. आमच्या घरात त्यांच्याआधी कोणी बोलत नाही.

थोरली : नको, हिलाच विचारा. मेलीला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सांग गं.