लास वेगासातली तकली

चहा खाली ठेवा आधी, हसता हसता अंगावर सांडन. स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्सं झाली होती. कापसाच्या शेतकऱ्याइले अमेरिका दाखवाले नेलतं, त्यात सेलूचा मी एकटा. एका संध्याकाळी आमची बस जेवाले थांबली ती थेट लास वेगासात, जुगाराच्या मोठ्या हॉटेलात.

आता माझं व्रत तुमाले माहीत हाये. अर्धा तास तकलीवर सूत कातल्याशिवाय घास नाई, अन् चौदा वर्सांत एक खाडा नाई. पिशवीतून तकली अन् पिंजल्या कापसाचा पेळू काढला, जुगाराच्या चाकाजवळ मांडी घालून बसलो.

आमचे नागपूरचे दुभाषे साहेब घाबरले. "अहो, उठा! लोक पाहताहेत!"

"पाहू द्या. मले भूक लागली हाये."

गर्दी जमली. लोक माह्यापुढं जुगारात पैशाच्या जागी चालतात त्या रंगीत चकत्या ठेवाले लागले.

"साहेब, हे मले भीक देऊन राह्यले काय?"

"भीक कसली! तुमचं सूत तुटतं की नाही, त्यावर पैज लावताहेत!"

म्या दात आवळले. म्हटलं, आता मेलो तरी तुटू देत नाई. अर्धा तास झाला, नाईच तुटलं. मंग जेवलो.

गावी परत आलो. आमच्या खादी केंद्रातले गुरुजी, ज्याइले कोनी कधी हसताना पाह्यलं नाई, तकली फिरवता फिरवता म्हने, "तिथं जुगार खेळलास काय?"

खरं बोलाचं बी व्रत होतंच. म्हटलं, "मी नाई खेळलो, गुरुजी. लोक माह्या सुतावर खेळले."

गुरुजीचा चेहरा हालला नाई. त्याइचं सूत मात्र तुटलं.