उत्तर नको, बडबड हवी

...आणि वर मलाच ऐकवतात, "सोजरबाई, पोरीच्या मुलाखतीत तुम्ही कशाला घुसलात?" अहो, घर माझं, पोर माझी, आणि मी घुसले? आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा.

तुम्हाला सांगते, आमची श्यामला कॉम्प्युटरची इंजिनियर. हुशार, पण घुमी. हल्ली कंपन्यांच्या मुलाखती घरबसल्या, लॅपटॉपवर. साहेब गणित घालणार, ही प्रोग्रॅम लिहून दाखवणार. उत्तर बरोबर यायचं हो, आणि तरी नकार! का? तर शेजारचा माधव, तोही त्याच धंद्यातला, तो म्हणाला, "काकू, ही गप्प बसून सोडवते. त्यांना ती विचार कसा करते ते ऐकायचं असतं. मोठ्यानं विचार करायचा." घ्या! म्हणजे उत्तर नको, बडबड हवी. मग प्रश्न कशाला विचारता, रेडिओ लावा की.

बरं, ही गप्प बसायला शिकली कुठं, तर माझ्याकडं. मार्केट यार्डात माझा मेथी-कोथिंबिरीचा गाळा. तिथं भाव ठरवताना जो आधी तोंड उघडतो तो मार खातो. पोरगी लहानपणापासून तेच बघत आली, मुलाखतीतही तेच करत आली. आता यात माझं काय चुकलं?

पण परवाच्या मुलाखतीआधी ती म्हणाली, "आई, हीपण गेली तर मी गाळ्यावर येते." ओल्या पोत्यांवर उभं राहून माझ्या टाचा फुटल्या, त्या काय हिनंही फोडून घ्यायच्या?

झालं, मुलाखत सुरू. मी स्वयंपाकघरात मेथी निवडतेय, तोंडाला कुलूप. साहेबानं प्रश्न घातला... आणि श्यामला गप्प. पंखा फिरतोय, ही गप्प. साहेब म्हणतो, "श्यामला, आवाज येतोय ना?" तरी गप्प! मला राहवेना. गेले तशीच, जुडी हातात, लॅपटॉपपुढं वाकले, म्हटलं, "येतोय तिला आवाज. विचार करतेय ती. जरा दम धरा."

साहेब चपापला. "आपण... मदत करताय का तिला?"

आणि तुम्हाला सांगते, पोरीचं तोंड जे उघडलं! "नाही सर, ही माझी आई, हिला यातलं काही येत नाही, हिनं मदत केली तर असलेलंही बिघडेल, आणि मी गप्प होते कारण पहिली पद्धत सुचली ती स्लो आहे, म्हणून दुसरी बघत होते, ती एके ठिकाणी अडतेय, बघा, इथं..." सुटली ती सुटलीच. एका हातानं मला दाराकडं ढकलतेय, दुसऱ्यानं टाइप करतेय, चुकली तर 'इथं चुकले' म्हणून साहेबालाच सांगतेय, आणि तो आपला हं, हं करत ऐकतोय. मी दाराबाहेर, पाल्यासकट. आता यात माझं काय चुकलं?

संध्याकाळी फोन आला, घेतलं तिला. कधीपासून टांगलेला जीव भांड्यात पडला एकदाचा. गल्लीभर पेढे वाटले, माधवला दोन जास्त.

पण सवय लागली ना हो तिला! आंघोळ आधी की चहा आधी, मोठ्यानं. चहा आधी घेतला तर पाणी गार, पाणी आधी घेतलं तर चहा गार, मग गॅसची दुसरी शेगडी मोकळी आहे का... सगळं मोठ्यानं. मी मध्ये काही बोलायला गेले की हात वर करून म्हणते, "आई, थांब, माझा विचार चाललाय."

आणि मी, जिच्यापुढं यार्डातले हमालसुद्धा आवाज खाली करतात, ती मी... थांबते.